मांजरपाटावरची खाडी

दहा सप्टेंबर एकोणीसशे शहाण्णव, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. त्या वेळी मी ऐरोलीत आमच्या सिडकोच्या घरात झोपलेली होते. पावण्याच्या एका रंग-कारखान्यात मात्र आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे दादा रात्रपाळी संपता संपता एका उघड्या टाकीत दोरीला बांधलेला डबा सोडत होते. ही वेळ मी पाहिलेली नाही. ती मी त्यांना विचारून घेतली. ते म्हणाले, "असंल की सातच्या आत." मी म्हणाले, 'असेल' चालणार नाही, नेमकी सांगा. तेव्हा त्यांनी भोंग्यापासून मागे मोजून ती सांगितली आणि मी ती लिहिली. पुढे जे घडले ते त्या लिहिण्यातून घडले.

त्या पावसाळ्यात औद्योगिक वसाहतीतून खाडीकडे जाणारा नाला रोज वेगळ्या रंगाचा वाहत असे. आमच्या इमारतीत मासळी घेऊन येणारी मावशी दिवा गावच्या कोळीवाड्यातली. तिची पाटी जिन्यापाशी टेकली की बायका आधी मासा नाकाशी नेत आणि मग भाव विचारत. मासळीला घासलेटचा वास येतो, अशी तक्रार होती. मावशी सुरुवातीला भांडत असे. श्रावणापर्यंत तिने भांडणे सोडले होते. पाटी झाकून ती जिन्यात बसून राहायची आणि विचारले तर नाल्याचा त्या दिवशीचा रंग सांगायची, जणू तोच आजचा ताजा माल.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला तेव्हा दोन-तीन महिने झाले होते. नोकरी नव्हती, आत्मविश्वास भरपूर होता. सेक्टरच्या गणेशमंडळाच्या बैठकीत यंदाचा देखावा काय करायचा, ही चर्चा थर्माकोलचा राजवाडा की थर्माकोलचा हिमालय, इथे अडली होती. मी उठून म्हणाले की आपण खाडी करू. मूर्तीच्या मागे पूर्ण भिंतभर मांजरपाटाचा पडदा लावायचा आणि त्यावर खाडीचे चित्र काढायचे. पण दुकानातून एकही रंग आणायचा नाही. नाल्यातून जे रंग खाडीला मिळतात, त्यांनीच ती रंगवायची. कापूस रंग धरतो हे सिद्ध करण्याची गरज नव्हती. वसाहतीतले रंग-कारखाने त्यावरच चालत होते.

कल्पना मान्य झाली. अध्यक्षांनी अट घातली की कुठल्याही कंपनीचे नाव पडद्यावर येता कामा नये, कारण पावतीपुस्तक घेऊन शेवटी तिकडेच जायचे असते. मी ती अट लगेच मान्य केली. नाव न घेता बोलता येते, अशी माझी समजूत होती.

पुढचे दिवस गच्चीवर गेले. इमारतीतल्या चार-पाच मुली बाटल्या घेऊन नाल्यावर जात, मी ते पाणी मोठ्या पातेल्यात आटवीत असे आणि रंग कापडाला धरावा म्हणून त्यात तुरटी घालीत असे. निळा उत्तम उतरला. पिवळा हळदीसारखा लागला. हिरवट-तपकिरी तर इतका विपुल होता की खाजणाचा सगळा चिखल त्यात झाला. चित्र काढायला मात्र कुणाचा हात वळत नव्हता. रांगोळीचा हात उभ्या कापडावर चालत नाही, हे आम्हांला दुसऱ्याच दिवशी कळले.

तेव्हा दादा वर आले. ते साताऱ्याकडचे, आमच्याच बाजूचे. कारखान्यात सांडपाणी शुद्ध करण्याच्या विभागात पंप चालवायचे. गावी बेंदराला अख्ख्या आळीच्या बैलांची शिंगे ते रंगवीत असत, हे त्यांनी स्वतः सांगितले, आणि ब्रश हातात घेऊन एका ओढीत माशाची पाठ काढून दाखवली. त्या रेषेत कुठेही थांबणे नव्हते. मुलींनी हातातले ब्रश खाली ठेवले. त्या दिवसापासून पडदा त्यांचा झाला. मी फक्त रंग पुरवीत होते.

मावशी पाटी खाली ठेवून एकदा मुद्दाम गच्चीवर चढली. तिने सबंध पडदा पाहिला, मग एका कोपऱ्याशी वाकली. चिखलावर उड्या मारणारी छोटी निवटी दादांनी तिथे काढली होती. त्यांनी ती जिवंत कधीच पाहिलेली नव्हती.

"ही काय हाय?" मावशीने विचारले.

"निवटी," दादा म्हणाले.

"निवटीचं डोलं डोक्यावर असतात. ह्यो तर बैल हाय. याला जोखड घाल, नांगर वढील."

दादा इतके हसले की त्यांना ब्रश खाली ठेवावा लागला. डोळे त्यांनी वर सरकवले. तरी त्या निवटीच्या मानेत बैलाचा काही भाग राहिलाच. मावशीने नंतर प्रत्येक आल्या-गेल्याला ती दाखवली. "आमच्या खाडीन आता हेच राहिलेत," असे ती सांगत असे.

अडचण लाल रंगाची होती. नाला लाल व्हायचा तो क्वचित आणि पातळ. आटवला तरी त्याचा फिका, धुतल्यासारखा गुलाबी रंग उतरे. मला नाल्याच्या मुखाशी कुंकवासारखा गडद लाल हवा होता. त्याशिवाय चित्र लांबून वाचले जाणार नाही, असे माझे मत होते, आणि ते चुकीचे नव्हते. मी दादांना म्हणाले की शुद्धीकरणाच्या आधीच्या टाकीतले पाणी मिळाले तर काम होईल. त्यांनी हातातला ब्रश पाण्यात खळबळून पुसला. मग म्हणाले की तिसऱ्या पाळीला टाकीवर ते एकटेच असतात, बघू. दहा तारखेला सकाळी ते पाच लिटरचा डबा घेऊन आले. गेटवर विचारले तेव्हा त्यांनी घरासाठी फिनेल आहे असे सांगितले होते. वहिनींनी, त्यांच्या बायकोने, दारातूनच ऐकवले, "फिनेल म्हणं. हितं घरात फिनेल आणायला सांगून जीभ झिजली माझी."

ते पाणी मी आम्लता दाखवणाऱ्या सामूच्या कागदावर तपासले. ते तीव्र आम्ल होते. कपडे धुण्याचा सोडा थोडा थोडा घालीत मी ते उदासीन करू लागले. पण आम्ल कमी होऊ लागले तसा लाल रंग मातकट होत चालला. मी सोडा थांबवला. रंग राखायचा म्हणून थोडे आम्लही राखले. आम्ल कापसाचा धागा कालांतराने कुजवते, हे मला माहीत होते. पण पडद्याला फक्त अनंत चतुर्दशीपर्यंतच टिकायचे होते.

त्यानंतर मला एक शंका टोचू लागली. बाकीचे रंग नाल्यातले होते. लाल मात्र कारखान्याच्या आतला होता. बघणाऱ्याला नाला असाच लाल वाहतो असे वाटले, तर ते खोटे ठरले असते. आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा एक दंडक होता: नमुना कुठून घेतला आणि केव्हा घेतला हे लिहिलेले नसेल, तर तो नमुना नव्हे, नुसते पाणी. मी प्रत्येक रंगासाठी पांढऱ्या पुठ्ठ्याची एकेक पट्टी केली आणि पडद्याच्या खालच्या काठाला टाचली. लाल रंगाच्या पट्टीवर लिहिले: रंग-कारखाना, पावणे, शुद्धीकरणापूर्वीची टाकी, तारीख, वेळ. कंपनीचे नाव नव्हते. दादांचेही नव्हते. पुन्हा वाचून पाहिले तेव्हा मला ती पट्टी अतिशय प्रामाणिक वाटली. आजही ती प्रामाणिकच होती असे म्हणावे लागेल.

गणपती बसले आणि गर्दी सुरू झाली. दोन-तीन दिवसांतच कोळीवाड्यातून बायका येऊ लागल्या, मग घणसोलीहून, कोपरखैरण्याहून आल्या. त्या आधी मूर्तीला हात जोडीत आणि मग पडद्याजवळ सरकत. कुणी नाल्याचे मुख बोटाने दाखवी, कुणी आपल्या होडीची जागा शोधी. एका म्हाताऱ्या बाईने पिवळ्या रंगाला बोट लावून ते हुंगले. भाषणांनी जे झाले नव्हते ते एका मांजरपाटाने केले होते, आणि मी कोपऱ्यात उभी राहून ते मोजत होते.

एका संध्याकाळी सफारी घातलेले एक गृहस्थ आले. चपला काढल्या, हात जोडले, प्रसाद घेतला. मग ते पट्ट्यांपाशी वाकले आणि लाल रंगाच्या पट्टीपाशी बराच वेळ थांबले. वर्गणीच्या पावतीच्या मागे त्यांनी काहीतरी उतरून घेतले. मला पाहून विचारले, या नोंदी कुणी केल्या? मी म्हणाले, मी.

"फार व्यवस्थित आहेत," ते म्हणाले.

मला आनंद झाला. ते गेल्यावर अध्यक्षांनी सांगितले की हे पावण्याच्या एका रंग-कारखान्याचे व्यवस्थापक. कुठल्या, हे त्यांनी सांगितले तेव्हाही माझ्या डोक्यात प्रथम एवढेच आले की माझी नोंद एका तज्ज्ञाने वाचली.

गौरी जेवायच्या दिवशी वहिनी हळदकुंकवाला आल्या. माझ्या आईला कुंकू लावून झाल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या आणि मला सांगू लागल्या. दादांना सकाळी गेटवरूनच परत पाठवले होते. त्या तारखेला, त्या वेळी, त्या टाकीवर हजेरीत एकच माणूस होता. चौकशी सोमवारी होती. दादांनी काही कबूल केले नव्हते. कारखान्याच्या हातात फक्त ती पट्टी होती.

"ताई, तुम्ही लिहून द्या की ते खोटं होतं," वहिनी म्हणाल्या. "पाणी नाल्यातलंच होतं, वेळ आपली अंदाजानं टाकली. तेवढ्यानं भागंल."

मी म्हणाले, बघते. हा शब्द मी वापरला हे मला स्पष्ट आठवते, कारण वहिनींनी तो ऐकून मान हलवली आणि ताट झाकले.

दुसऱ्या दिवशी गणेशमंडळांच्या देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. पट्टी त्याआधीच काढायला हवी होती. मी ती काढली नाही. मनाशी हिशेब असा केला की व्यवस्थापकांनी मजकूर उतरून नेलाच आहे; आता काढण्याने कुणाचा फायदा नाही. तर्क बरोबर होता. परीक्षकांपैकी एकजण सीबीडीत पाणी तपासणारी प्रयोगशाळा चालवीत. त्यांनी पट्ट्या चष्मा वर करून वाचल्या आणि सण उरकल्यावर भेटायला या, असे मला सांगितले. ते गेल्यावर मी पट्टी काढली.

शनिवारी मी कारखान्यात गेले. व्यवस्थापकांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हणाले की ती वेळ अंदाजाने लिहिली होती. ते म्हणाले, अशा नोंदी करणारी मुलगी अंदाजाने वेळ लिहीत नाही. तरीही त्यांनी मार्ग ठेवला होता. चित्रातला रंग आणि त्याखालची माहिती काल्पनिक आहे, असे मंडळाने देखाव्यासमोर फलकावर लिहावे आणि खाली मी सही करावी. मग चौकशीत पुरावा उरणार नाही आणि विषय मिटेल. मजकूर टंकलिखित तयार होता. मी विचार करायला रविवार मागून घेतला.

परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मंडपात मावशी आपल्या वाड्यातल्या बायकांना घेऊन उभी होती आणि निवटी दाखवीत होती. त्या फलकाची जागा मला डोळ्यांपुढे दिसली: मूर्तीच्या उजवीकडे, बरोबर मावशीच्या हातापाशी. 'काल्पनिक' हा शब्द तिला वाचता आला नसता. कुणीतरी तिला तो वाचून दाखवला असता.

मी वर जाण्याआधी दादांच्या दारावर थाप मारली. ते जिन्यात आले. आत दिवा होता, वहिनी कणीक मळत होत्या. व्यवस्थापकांनी काय सांगितले ते मी सगळे सांगितले. काही लपवले नाही, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. सांगण्याचा सूर मात्र असा होता की उत्तर काय हवे ते ऐकणाऱ्याला कळावे.

दादांनी कठड्यावर हात टेकला. "फलकबिलक लावू नका, ताई," ते म्हणाले. "माझा बैल खोटा पडंल."

आणि ते हसले. मीही हसले. आत कणीक मळण्याचा आवाज थांबला आणि मग आतले दार लागले.

त्या विनोदाला मी संमती मानले. गेली काही वर्षे मी ते एक वाक्य अनेक रीतींनी तपासले आहे. ते त्यांचे खरे मत असू शकते; त्या पडद्याइतके त्यांचे स्वतःचे काही त्या शहरात नव्हते. माझी अडचण पाहून त्यांनी मला सोडवले, असेही असू शकते; आमच्याकडचे पुरुष अडचणीत सापडलेल्या बाईमाणसाला 'माझ्यासाठी एवढं कर' म्हणत नाहीत. आणि मी पुन्हा एकदा विचारावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती, असेही असू शकते. दोन पदार्थ एकमेकांत मिसळले तर ते वेगळे करण्याच्या पद्धती मला येतात. मी सही केली नाही ती खाडीसाठी की सीबीडीतल्या त्या भेटीसाठी, हे वेगळे करण्याची पद्धत मला आजवर सापडलेली नाही. माझी नोंद काल्पनिक आहे अशी सही मीच केली असती, तर त्या प्रयोगशाळेत मला कोण उभे करणार होते? हा विचार माझ्या मनात त्या वेळी आला होता. किती मोठा, ते सांगता येत नाही.

सोमवारी चौकशी झाली आणि दादांची नोकरी गेली. आमच्या देखाव्याला पहिला क्रमांक मिळाला. नाला काही आठवडे दिवसा स्वच्छ वाहिला. नंतर रंग पहाटे सोडू लागले, असे मावशीने सांगितले. ऑक्टोबरात मी प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे माझ्या टेबलावर रोज बाटल्या येत आणि ज्यावर वेळ लिहिलेली नसेल ती मी परत पाठवीत असे.

माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर कारकून होते. त्यांनी खटपट करून दादांना तिथे तोलाईच्या कामाला लावले. वहिनींनी त्याबद्दल माझ्या आईचे आभार मानले. माझ्याशी त्या बोलत राहिल्या, पण 'ताई' म्हणणे त्यांनी सोडले होते. पुढच्या उन्हाळ्यात मी वडिलांना डबा द्यायला बाजारात गेले, तेव्हा दादा काट्यापाशी उभे होते. गोणी चढवली, वजन पुकारले, गोणी उतरवली. मला पाहून त्यांनी गमछ्याने तोंड पुसले.

"लिहून घ्या, ताई," ते म्हणाले. "वेळ टाकायला इसरू नका."

आजूबाजूचे लोक हसले नाहीत, कारण त्यांना संदर्भ माहीत नव्हता. दादा हसत होते. त्या हसण्यात राग शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. तो सापडला असता तर मला बरे वाटले असते.

सत्त्याण्णवच्या गणपतीआधी मंडळाची पेटी उघडली. त्या वर्षी राजवाडा ठरला होता आणि वर्गणीच्या पहिल्या मोठ्या पावतीवर कुणाचे नाव आहे, हे मी विचारले नाही. पडदा तळाशी घडी करून ठेवला होता. निळा शाबूत होता, पिवळा शाबूत होता, चिखल जसाच्या तसा होता. नाल्याच्या मुखाशी जिथे लाल होता, तिथे कापड हाताला लागताच चुरा होऊन पडले. निवटी त्या भागाच्या अगदी काठावर होती. तिचे वर सरकवलेले डोळे उरले होते; बैलाची मान अर्धी गेली होती.

मी तेवढा तुकडा कापून घेतला. डोळ्यांकडचा भाग वहीत ठेवला आणि कडेचे लाल धागे दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवले. जेवणाच्या सुट्टीत, टेबलावर कुणी नसताना, सामूमापकाची कांडी त्यात बुडवली. सात, म्हणजे उदासीन, यायला हवे होते. त्या वर्षी सोडा पुरता घातला असता तर सातच आले असते. आकडा स्थिर होईपर्यंत मी थांबले. मग नोंदवहीत एक ओळ आखली. ठिकाणाचा रकाना कोरा सोडला, वेळेचा कोरा सोडला, नमुना घेणाऱ्याच्या नावाचाही कोरा सोडला, आणि शेवटच्या रकान्यात लिहिले: ४.१.